आईचे राज्यपाल

आमच्या खोलीत देव तीन होते आणि राज्यपाल एक. देव वरच्या फळीवर, राज्यपाल खालच्या फळीवर रेडिओशेजारी, पुठ्ठ्याला चिकटवलेले. आई ज्या कारखान्यात पँटींचे धागे कापायची तिथल्या खोक्याचा तो पुठ्ठा, आणि चिकटवायला भाताची शितं. फोटो वर्तमानपत्रातला, काळपट, नाकाच्या जागी शाई जरा जास्तच झालेली. राज्यपाल बदलले की आई जुना फोटो काढून टाकत नसे. "गेलेल्या माणसाला काय कचऱ्यात टाकायचं?" म्हणायची, आणि नव्याचा फोटो जुन्यावरच डकवायची. त्यामुळे पुठ्ठा जाड होत गेला. आज तो चिखलोलीला माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मुलगा म्हणतो, आई, याला झुरळं लागतील. लागू देत. माझी पासष्टी उलटून गेली, आणि या पुठ्ठ्याबद्दल सांगायचं राहिलंय एवढ्यासाठीच मी लिहायला बसले आहे. हौस म्हणून नाही. आताही नवे राज्यपाल आले की टीव्हीवर शपथविधी दाखवतात, आणि मी उठून चहा टाकायला जाते.

माझे वडील तुरुंगात होते. हे वाक्य मी शाळेत तीस वर्षं नोकरी केली तरी स्टाफरूममध्ये एकदाही उच्चारलं नाही; इथे लिहून टाकते. बारवी धरणाच्या वाटेवर आमचं गाव. भाताची दोन खाचरं आमची, त्याला लागून बाबांच्या चुलतभावाची, म्हणजे बाळाराम काकांची. मधल्या बांधावरून दोघांची आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत दरवर्षी बाचाबाची व्हायची आणि दिवाळीत दोघे एका ताटात जेवायचे. एका वर्षी बाचाबाचीत बाबांच्या हातात फावडं होतं. काका बांधावर पडले ते उठलेच नाहीत. बाबा पळाले नाहीत, फावडंही टाकलं नाही. पोलीस येईपर्यंत तिथेच चिखलात बसून होते. जन्मठेप झाली. मी तेव्हा नऊ वर्षांची. आईने मला घेऊन गाव सोडलं, बेलवलीला मामाकडे दोन महिने काढले, आणि मामीची भांडी जरा जास्तच आपटायला लागली तेव्हा उल्हासनगरला येऊन खोली घेतली.

खोली ईश्वरी दादींच्या, म्हणजे फाळणीनंतर निर्वासितांना मिळालेल्या जुन्या लष्करी बराकीत होती. दादी म्हणजे सिंध्यांत थोरल्या बाईला म्हणतात तशा दादी, आमच्या मालकीणबाई. जाड भिंगांचा चष्मा, पायात पुरुषी चपला, हातात कायम लाटणं. त्यांच्या लेखी भूक ही एकच अडचण जगात होती आणि तिला त्यांच्याकडे उत्तर होतं. सकाळी त्यांच्या तव्यावर कांदा-मिरची घातलेली जाड सिंधी रोटी, म्हणजे कोकी, भाजली जायची, तो वास मधल्या पत्र्यावरून आमच्या खोलीत यायचा आणि पाठोपाठ हाक यायची, "पुट, थाली ला!" पुट म्हणजे बाळ. आईला ते घेणं जड जायचं. मग रविवारी ती दादींना तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं नेऊन द्यायची. दादींना सुकटीचं कालवणही चालायचं, फक्त त्यांच्या नातवंडांना कळू न देता. बराकीत दिवसभर शिलाई मशीनची घरघर चाले, कुठे पापडाचं पीठ कुटलं जाई, कुठे गल्लीच्या तोंडाशी भांड्यांना पॉलिश करणारं चाक किंचाळे. मला त्या आवाजात अभ्यास करायची इतकी सवय झाली की पुढे शांत घरात पुस्तक उघडलं की झोप यायची.

बाबांना आत जाऊन चार वर्षं झाली तेव्हा तुरुंगात भेटीच्या रांगेत आईला एक वकील भेटला. त्याने सांगितलं की शिक्षेची वर्षं भरायच्या आत माणसाला घरी सोडायचं तर तो अधिकार राज्यपालांचा. त्यांच्या नावाने दयेचा अर्ज करा. आईला तोवर राज्यपाल नावाचं माणूस असतं हेही ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "कुंदे, राज्यपाल म्हणजे मुख्यमंत्र्याच्या वर का खाली?" मी म्हटलं, वर. "मग बरंय," ती म्हणाली. "खालच्याला विचारून वरच्याने नाही म्हणण्यापेक्षा वरचाच बरा."

अर्ज मी लिहिला. आठवीत होते, अक्षर चांगलं होतं. चार दिवस लागले, कारण आईला अर्जात सगळं यायला हवं होतं: खाचरं, बांध, फावडं, काकांच्या अंगावर त्या दिवशी कुठला सदरा होता, बाबांनी काकांच्या लग्नात गाडी हाकली होती ते. मी म्हणे, एवढं कोण वाचणार? ती म्हणे, "ज्याला माणूस सोडायचाय त्याला माणूस कळायला नको?" शेवटी आठ पानं झाली. ती लिफाफ्यात घालून आईने लिफाफा कपाळाला लावला आणि स्वतः जाऊन टपालाच्या पेटीत टाकला. ते काम तिने मला कधीच करू दिलं नाही. महिन्याने छापील चिठ्ठी आली, त्यावर आकडा होता आणि अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवल्याचं लिहिलं होतं. आईने ती देवांच्या फळीवर ठेवली.

पुढील कार्यवाही म्हणजे हवालदार. तो सायकलवरून आला, दादींच्या ओट्यावर बसला आणि मोठ्या आवाजात विचारायला लागला, कैदी सुटला तर राहणार कुठे, खाणार काय, गावात भांडण होईल का. बराकीत कोणाला काही माहीत नव्हतं, आता सगळ्यांना झालं. दोन घरच्या मुली माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. आईला कोणीतरी 'गव्हर्नरीण' नाव ठेवलं. नळावर बाया हसून म्हणत, "काय गव्हर्नरीणबाई, तुमच्या मलबार हिलच्या राजभवनात पाणी कधी येतं?" दादींनी मात्र हवालदाराला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि तो गेल्यावर आईला एवढंच म्हणाल्या, "पहले क्यों नहीं बोली? मैं क्या निकाल देती?" आई त्या दिवशी रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं, कोर्टातसुद्धा नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. आईने रेडिओ घेतला तो त्यासाठी. संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या की कारखान्यातून घरी आणलेल्या पँटींवरचा तिचा हात थांबायचा; कात्री मांडीवर, धागे ओच्यात. कुठे पूर आला, कुठे सरकार पडलं, साखर महागली, तिचा चेहरा हलायचा नाही. 'राज्यपाल' शब्द आला की मान वर. त्यांनी अमुक समारंभाचं उद्घाटन केलं असं ऐकलं तरी तिला बरं वाटायचं; माणूस कामावर आहे एवढं कळायचं. आणि एका संध्याकाळी बातमी आली की राज्यपाल बदलले. हे टोपीवाले गेले, दुसरे येणार.

आईने रेडिओ बंद केला. मग कात्री खाली ठेवून म्हणाली, "कागद आण."

"कशाला? आपला अर्ज गेलाय ना."

"तो त्यांना गेला होता. ते गेले. माणूस गेला की त्याच्याशी केलेलं बोलणं गेलं."

आज हे वाचणाऱ्याला हसू येईल, पण आईचं सगळं आयुष्य तिच्या बाजूने साक्ष देत होतं. गावाकडे जंगलखात्याचा गार्ड बदलला की आदल्याने दिलेली लाकडं आणायची परवानगी संपायची. नव्याकडे काकड्या घेऊन नव्याने उभं राहायचं, आम्ही अमक्या घरचे, आमच्याकडे लक्ष असू द्या. कारखान्यात मास्तर बदलला की जुन्या मास्तरने कबूल केलेली पगारवाढ त्याच्याबरोबर जायची. नव्या माणसाला नवी ओळख द्यावी लागते, आणि जो आधी देतो त्याचं काम आधी होतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ती ते पाठीवर सोसून शिकली होती. राज्यपाल म्हणजे तिच्या लेखी सगळ्यात वरचा गार्ड. मी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी सात पानं झाली.

आता जे लिहायचंय ते मला लिहायला आवडत नाही. त्याच वर्षी नागरिकशास्त्रात राज्यपालांवरचा धडा होता. घोकंपट्टीशिवाय मला काही येत नसे, म्हणून मी खोलीत फेऱ्या मारत मोठ्याने पाठ करायची: 'राज्यपाल ही व्यक्ती नसून ते पद आहे. व्यक्ती बदलते, पद कायम राहते. पदावरील व्यक्ती बदलल्याने कामकाज खंडित होत नाही.' आई भिंतीला टेकून धागे कापायची आणि मी तिच्यासमोर हे म्हणत फिरायची. परीक्षेत तोच प्रश्न आला. पाचपैकी पाच मिळाले. बाईंनी वर्गात माझं उत्तर वाचून दाखवलं. आणि दोन आठवड्यांनी मी घरी बसून नव्या राज्यपालांना नवा अर्ज लिहिला, कारण धडा शाळेचा होता आणि अर्ज घरचा. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध असेल हे माझ्या डोक्याला शिवलंसुद्धा नाही. पुढे मी शिक्षिका झाले, मराठी शिकवलं, भूगोल शिकवला, एकदा तर चित्रकलेचा तास घेतला. नागरिकशास्त्र कोणी दिलं तर मी मुख्याध्यापकांशी भांडून बदलून घेत असे.

दुसऱ्या अर्जाची चिठ्ठी आली, पुन्हा हवालदार आला, पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा नळावर तेच हसणं. मग हे दुसरे, चष्मेवाले, गेले आणि फेटेवाले आले, पुठ्ठ्यावर तिसरा थर चढला, तिसरा अर्ज गेला. मधल्या वर्षांत आम्ही दोन-दोन महिन्यांनी बाबांना भेटायला जायचो. जाळीच्या पलीकडे ते दर वेळी थोडे लहान झालेले दिसायचे. आई सांगायची, "नवे आलेत. चांगले वाटतात फोटोत." बाबा म्हणायचे, "हं." मला विचारायचे, कितवीत आहेस, मी सांगायची, पुढच्या वेळी पुन्हा विचारायचे. एवढ्या वर्षांत मला राज्यपालांचा राग आला नाही, आईचा आला. तिच्या त्या आशेचा मला कंटाळा आला होता. कात्रीचा आवाज, बातम्यांची धून, 'कागद आण'. मैत्रिणी कॉलेजची स्वप्नं बघत होत्या आणि मी 'महोदयांच्या चरणी सविनय' लिहीत होते.

बारावी झाल्यावर मी ठरवलं की एकदा जाऊन विचारायचं तरी. आईला सांगितलं, कॉलेजच्या फॉर्मचं काम आहे. तिन्ही चिठ्ठ्या ब्लाउजमध्ये खोचून मी मुंबईला गेले आणि विचारत विचारत एका कचेरीत पोचले. ती कुठली ते लिहीत नाही. तिथल्या बाईंनी मला नियमाबाहेर मदत केली होती. त्या पन्नाशीच्या, डोक्यात अबोलीचा गजरा, टेबलावर डबा उघडा. चिठ्ठ्या बघून त्यांनी फाइल काढून आणली, चाळली, आणि भात कालवता कालवता थांबल्या.

"तीन-तीन अर्ज कोणी करायला सांगितले तुम्हाला?"

मी म्हटलं, "राज्यपाल बदलले म्हणून."

"अगं, राज्यपाल बदलले म्हणून टेबल बदलतं का? अर्ज पदाला असतो, माणसाला नाही. तुमचा पहिला अर्ज चालूच होता की." त्यांनी पानं उलटली. "हे बघ. तुरुंगाचा अहवाल चांगला. पोलिसांचा चांगला. मयताच्या बायकोचा जबाब, हरकत नाही, अंगठा. सगळं झालं होतं, वर जायचं बाकी होतं फक्त. तेवढ्यात तुमचा नवीन अर्ज आला. नवीन आला की जुना त्यातच मिळवतात आणि सगळी चौकशी पहिल्यापासून. जुने जबाब शिळे होतात ना."

"आणि आता?"

"दुसऱ्या वेळी त्याच बायकोने नुसतं 'सांगायचं नाही' म्हटलंय. तिसऱ्याचा जबाब यायचाय अजून." त्यांनी फाइल मिटली. "बाळ, एक ऐक. आता कोणी येवो, कोणी जावो, तुम्ही गप्प बसा. तुमचं पेन त्या माणसाला आत ठेवतंय."

मी जिना उतरले. माझं पेन. पहिल्या अर्जाच्या वेळी मी आठवीत होते, आता कॉलेजात जाणार होते. मधली सगळी वर्षं बाबांनी जाळीपलीकडे काढली ती माझ्या चांगल्या अक्षरामुळे.

मी घरी न जाता बदलापूरला उतरून गावाकडे गेले. बाळाराम काकांच्या दारात मी नऊ वर्षांनी उभी होते. पारू काकी, म्हणजे त्यांची बायको, अंगणात भात पाखडत होती. तिने मला ओळखलं, कारण मी तोंडावळ्याने बाबांवर गेले आहे. सूप हातातच ठेवून म्हणाली, "पाणी पिशील?" मी प्यायले. मग मी सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, फाइल, आईचा समज, काही न लपवता. ती ऐकत राहिली आणि मधून मधून सूप हलवत राहिली.

"पहिल्यांदा पोलीस आला," ती म्हणाली, "तवा मीच अंगठा दिला. कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, एक गेला तो गेला, दुसऱ्याला कशाला सडवा? मना वाटलं, सुटला आसंल. दोन वर्सांनी परत पोलीस. परत सांगा, नवरा कसा मेला, कुठं पडला व्हता, रक्त किती व्हतं. पोरां दारात उभी राहून ऐकत व्हती. आता मोठी झालीत ती. म्हणतात, आये, अंगठा नाय द्यायचा." तिने सूप खाली ठेवलं. "माफ मी एकदा केलं व्हतं, कुंदे. किती येळा करायचं?"

मी तिच्या पायाशी बसले आणि भातातले खडे वेचायला लागले. मग तीच म्हणाली, "हा आताचा जबाब मी देईन. पोरांना बघून घेते. पण हा शेवटचा. परत कोणी माझ्या दारात हे विचारायला आला, तर मी हरकत घेईन. देवाशप्पथ घेईन."

मी घरी आले. आईने विचारलं, फॉर्म भरला? मी म्हटलं, भरला. सांगायचं होतं; दोन-तीनदा तोंड उघडलं. पण ती बाई रोज पहाटे उठून पाणी भरून, दहा तास धागे कापून, बोटांना चिंध्या बांधून जगत होती ती या एका समाधानावर, की आपण हात बांधून बसलो नाही. ते समाधान काढून घेऊन मी तिला त्या जागी काय देणार होते? मी ठरवलं, तिसऱ्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत गप्प. पण माझ्या ठरवण्यावर राज्यपाल थोडेच थांबणार! दोन महिने झाले नाहीत तोच रेडिओवर बातमी आली. फेटेवाले गेले, चौथे येणार. कारण काय ते आठवत नाही. एवढंच आठवतं की आईने कात्री खाली ठेवली.

"कागद आण, कुंदे."

"आई, या वेळी थांबू या ना. तिसरा चालू आहे."

"तिसरा त्या फेटेवाल्यांबरोबर गेला. तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग. मी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईन."

ते मला परवडणार नव्हतं. मी कागद आणला. तिने सांगितलं तसं, एक शब्द न गाळता, सहा पानं लिहिली. लिफाफ्यात घातली, लिफाफा शितांनी बंद केला. मग लिफाफा उलटा करून पत्ता लिहिला: श्रीमती ईश्वरी दादी, बराक अमुक, खोली अमुक, उल्हासनगर. आईला वाचता येत नव्हतं. तिने लिफाफा माझ्या हातून घेतला, अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं, कपाळाला लावला आणि पदराखाली धरून टपालाच्या पेटीकडे गेली. मी दारात उभी राहून तिची पाठ बघत होते. आईला फसवण्यात मी एवढी हुशार निघेन असं मला वाटलं नव्हतं, आणि त्या हुशारीची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी पोस्टमनने लिफाफा दादींना दिला. आई कारखान्यात होती. दादींनी मला आत बोलावलं, लिफाफा पुढे केला. "पुट, ये तेरा लिखा है. मेरे को चिट्ठी? एक दीवार छोड़ के?" मी सांगितलं. दादींनी चष्मा काढून पदराने पुसला, लिफाफा पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि म्हणाल्या, "ये मेरे पास रहेगा. जा, कोकी खा." डब्याखाली तो कित्येक महिने होता. चौथ्या अर्जाची छापील चिठ्ठी आली नाही तेव्हा आईने एकदा विचारलं, मग म्हणाली, येईल.

चिठ्ठी आली नाही, बाबा आले. काकीने शब्द पाळला होता. तिसरा अर्ज वर गेला आणि चौथ्या राज्यपालांनी, ज्यांना आम्ही काहीच पाठवलं नव्हतं, त्यावर सही केली. शिक्षेतली दोन-अडीच वर्षं वाचली. बाबा बराकीत आले ते पिशवी छातीशी धरून. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासून दाराबाहेर उपडं ठेवायचे, पुढे मरेपर्यंत. आईने चौथ्या राज्यपालांचा फोटो खालच्या फळीवरून उचलून देवांच्या ओळीत ठेवला, पेढा ठेवला, आणि बराकभर सांगत सुटली, "चौथे पावले! माझी पोरगी लिहायची थांबत होती, मी नाही थांबू दिलं." मी हसले. बाबा माझ्याकडे बघत होते; त्यांना काही कळलं होतं का ते मी कधी विचारलं नाही.

इथेच हे प्रकरण संपलं असतं, आणि मी ते लिहिलंही नसतं. पण आता आईला मान मिळायला लागला. गव्हर्नरीण म्हणून हसणाऱ्याच बाया तिच्याकडे सल्ल्याला येऊ लागल्या. ज्यांचं माणूस आत आहे अशा बायका उल्हासनगर-अंबरनाथात काही कमी नव्हत्या. वर्षभराने पुन्हा राज्यपाल बदलले, आणि त्याच आठवड्यात शेवंता नावाची एक पोरगेली बाई आली. अंबरनाथच्या आनंदनगरकडे कारखान्यात कामाला, नवरा बाबांच्याच तुरुंगात, कडेवर मूल. तिचा अर्ज जाऊन वर्ष झालं होतं. आईने तिला चहा दिला आणि म्हणाली, "नवे आले ना? मग आजच्या आज नवा अर्ज टाक. जुना जुन्याबरोबर गेला. माझ्याकडे बघ, चार टाकले तेव्हा माणूस घरी आला." शेवंता मान डोलावत होती, आणि आई लिफाफा कपाळाला कसा लावायचा तेसुद्धा दाखवत होती.

मी मोरीत भांडी घासत होते. शेवंता गेली. मी हात धुतले, दादींकडे जाऊन पिठाच्या डब्याखालून लिफाफा आणला आणि आईच्या मांडीवर ठेवला. मग बसून सगळं सांगितलं. अबोलीचा गजरा, फाइल, काकीचा पहिला अंगठा, आणि या पाकिटावर कोणाचा पत्ता आहे ते. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"म्हणजे पहिल्यातच?" आईने विचारलं.

"हो."

"तू आठवीत होतीस तेव्हा."

"हो, आई."

तिने लिफाफा उघडला नाही. उठली, पदर खोचला, आणि चपला शोधायला लागली. मला वाटलं, ही आता कुठे निघाली, काही करून घेते की काय. मी हात धरला. तो झटकून ती म्हणाली, "चल लवकर. त्या पोरीने पाकीट टाकायच्या आत गाठायला पाहिजे."

आम्ही अंबरनाथला शेवंताच्या खोलीवर गेलो. वाटभर आई माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली. शेवंताने अर्ज शेजारच्या मुलाकडून लिहून घेतला होता, पाकीट बंद करून चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं, सकाळी टाकणार होती. आईने न विचारता ते उचललं आणि स्वतःच्या ओच्यात घातलं.

"नको टाकू," ती म्हणाली. "मघाशी मी चुकीचं सांगितलं. राज्यपाल बदलले तरी पद तेच राहतं. तुझा पहिलाच अर्ज चालू आहे. आता गप्प बस आणि वाट बघ."

शेवंताने विचारलं, "पन मावशी, हे तुमाला कोनी सांगितलं?"

आईने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसातलं तेवढं एकदाच.

"हिच्या धड्यात होतं," ती म्हणाली. "घरात फेऱ्या मारत पाठ करायची. मी रोज ऐकत होते."